कार्टूनमधले घुमट

बाजारकुणंग हे जोयडा तालुक्यातले, गोव्याच्या सरहद्दीकडच्या डोंगरातले गाव. भोवती रान, आणि ज्या दिग्गीच्या परिसरात काळी नदी उगम पावते तो डोंगरपट्टाही याच तालुक्यातला. अशा गावातल्या एखाद्या घरात दिवेलागणीच्या वेळी टीव्हीवर कार्टून चालू आहे असे समजा. पडद्यावर एक लठ्ठ बेडूक चोरपावलांनी कोठीच्या खोलीकडे निघाला आहे. त्याच्या प्रत्येक पावलाला एक गमतीदार आवाज येतो. आधी बोटाने मारल्यासारखी बारीक 'टप्', आणि तिच्या पाठोपाठ घशातून निघाल्यासारखा, खालून वर चढत जाणारा 'घुंऽव'. मुले खिदळतात. चुलीपाशी बसलेली आजी पडद्याकडे न बघताच म्हणते, "हें घुमट वाजता न्हय?" नात म्हणते, "ना गो आजये, तें कार्टून."

दोघींपैकी खरे कोणाचे? वरवर पाहता प्रश्न पोरखेळाचा आहे. पण आवाज ऐकून वाद्य ओळखणे ही जुनी विद्या आहे, तिला शास्त्र आहे आणि इतिहासही आहे. शिवाय या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडला आहे. घुमटाला घोरपडीचे कातडे लागते आणि घोरपड मारणे हा गुन्हा आहे. मग कातडे बदलले तर घुमट घुमट राहते का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी पहिल्याचा छडा लावावा लागतो. तोच प्रयत्न या लेखात केला आहे.

पडद्यामागचे वाजवणारे

कार्टून आणि चमत्कारिक वाद्ये यांची सोयरीक फार जुनी. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यू यॉर्कमध्ये वॉल्ट डिस्नेचे 'स्टीमबोट विली' पडद्यावर आले. चित्र आणि आवाज यांची अचूक सांगड घातलेले हे कार्टून गाजले आणि मिकी माऊस घराघरांत पोहोचला. त्यातली गंमत पाहण्यासारखी आहे. एक बोकड गाण्याचे कागद खाऊन टाकतो. मग मिनी त्याची शेपटी दांड्यासारखी फिरवते आणि त्याच्या तोंडातून गाणे वाजू लागते. मिकी भांडी बडवतो, मांजराची शेपटी ओढतो आणि शेवटी गाईचा जबडा उघडून तिच्या दातांवर काष्ठतरंग वाजवतो. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये आलेल्या 'स्केलेटन डान्स'मध्ये एक सांगाडा दुसऱ्या सांगाड्याच्या मणक्यांवर हाडांनी वाजवताना दिसतो. त्याचे संगीत कार्ल स्टॉलिंग यांचे होते. जनावराच्या देहातून नाद काढण्याची ही कल्पना हसण्यावारी नेलेली असली तरी तिच्या तळाशी सत्य आहे. माणसाची कितीतरी वाद्ये जनावराच्या कातड्यातून, आतड्यातून, शिंगातून आणि हाडातूनच झाली आहेत.

पुढे अशा आवाजांसाठी स्वतंत्र माणसे ठेवावी लागली. जिमी मॅक्डॉनल्ड हे मूळचे ढोलवादक १९३४ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत आले आणि लाकूड, पत्रा, रबर, दोरी अशा वस्तूंपासून आवाज काढणारी शेकडो यंत्रे त्यांनी स्वतः बनवली. तयार वाद्येही वापरली जात. पोलादाचा पातळ पत्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तारेवर बसवलेले दोन गोळे असे 'फ्लेक्सटोन' नावाचे वाद्य १९२० च्या दशकात निघाले. पत्रा हलवायचा आणि अंगठ्याने वाकवायचा. की भुताच्या रडण्यासारखा थरथरता सूर निघतो. कार्टूनमध्ये कोणी घसरले, कोणाला चक्कर आली की हा सूर ठरलेला. मुले तो जन्मभर लक्षात ठेवतात, मात्र वाद्याचे नाव विचारले तर हजारात एकाला सांगता येणार नाही.

आपल्याकडेही हीच तऱ्हा. विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा छोटा चित्रपट दूरदर्शनमुळे एका संपूर्ण पिढीला पाठ झाला. त्याचे संगीत वसंत देसाईंचे, म्हणजे आपल्या कुडाळकडच्या माणसाचे, हे किती जणांना ठाऊक असते? हिंदी चित्रपटांत कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुर्जोर यांनी कितीतरी परदेशी तालवाद्ये वाजवली. खाचा पाडलेल्या नळीवर काडी घासून वाजवायचे 'रेसो-रेसो' हे ब्राझीलचे वाद्य अमृतराव काटकर यांच्या हातून आपण असंख्य गाण्यांत ऐकले. त्याची 'कर्र-कच्' ही लय ऐकली की पाय आपोआप हलतो. पण त्या काळच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे क्वचितच येत. आवाज घरोघर गेला, वाद्याचे आणि वादकाचे नाव मात्र स्टुडिओच्या दारातच राहिले. कार्टूनमधल्या आवाजाची ओळख पटवणे अवघड जाते ते यामुळे. दिसतो बेडूक, वाजवणारा दिसतच नाही.

आवाज आधी, वाद्य नंतर

नाट्यशास्त्रात वाद्यांच्या जन्माची एक सुंदर कथा आहे. स्वाती नावाचा मुनी पाणी आणायला सरोवरावर गेला. तेवढ्यात पाऊस कोसळू लागला. कमळाच्या लहान, मध्यम आणि मोठ्या पानांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे आवाज त्याने कान देऊन ऐकले, मनात साठवले आणि आश्रमात परतल्यावर विश्वकर्म्याच्या साहाय्याने तसे वाजणारी वाद्ये घडवली. पुष्कर वाद्ये ती हीच. पुष्कर म्हणजे कमळ. या कथेत आवाज आधी आहे आणि वाद्य नंतर. कार्टून ऐकणाऱ्याची स्थिती स्वातीसारखीच असते. कानावर नाद पडलेला असतो, वस्तू शोधायची असते.

त्याच ग्रंथात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारेची ती तत, फुंकीची ती सुषिर, कातडे मढवलेली ती अवनद्ध आणि टाळ-झांजांसारखी घन. अवनद्ध वाद्यांत मृदंगाबरोबर 'दर्दुर' नावाचे एक वाद्य येते. ते घटाच्या आकाराचे. आणि दर्दुर या संस्कृत शब्दाचा दुसरा अर्थ बेडूक! घटाच्या तोंडावर कातडे मढवले की त्यातून बेडकाच्या डरावण्यासारखा नाद निघतो, हे आपल्या पूर्वजांच्या कानांनी फार आधी टिपले होते. कार्टूनवाल्याने बेडकाच्या पावलांना मडक्याचा आवाज दिला तर त्याने नकळत जुनीच वाट धरली असे म्हणायचे.

ही चौपदरी विभागणी पुढे साता समुद्रापार गेली. कोलकात्याचे सौरींद्र मोहन ठाकूर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला शंभराच्या आसपास भारतीय वाद्ये भेट दिली. ती ब्रुसेल्सच्या संग्रहालयात ठेवली गेली. तिथले संग्रहपाल व्हिक्टर माहियों यांनी १८८० मध्ये वाद्यांची सूची छापायला घेतली तेव्हा भारतीय धर्तीचे हेच चार वर्ग त्यांनी अवलंबिले. त्यांच्या पायावर होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन पंडितांनी १९१४ मध्ये आपली जगप्रसिद्ध वर्गवारी रचली. जगातल्या संग्रहालयांत आजही वाद्ये ओळखली जातात ती मुख्यतः तिच्याच आधारे. आजीने 'घुमट' म्हटले तेव्हा तिने यातले काही वाचले नव्हते. पण तिच्या कानाने केले ते काम याच जातीचे होते.

कानाच्या चार कसोट्या

आता आपला आवाज तपासू. 'टप्', आणि मग खालून वर जाणारा 'घुंऽव'.

पहिली कसोटी आघाताची. टाळीसारखा किंवा बोटाच्या चापटीसारखा आवाज आधी येतो, त्यात धातूचा किणकिणाट नाही. म्हणजे फ्लेक्सटोन बाद. त्याचा सूर चढतो-उतरतो खरा, पण तो पोलादाचा सूर. तो कानात थरथरत राहतो. आपला आवाज पटकन विझतो.

दुसरी कसोटी तारेची. आपल्या सीमाभागाला यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके परिचित आहे. सौंदत्तीच्या वाटेवर ते ऐकले नाही असा माणूस विरळा. लाकडी नळकांड्याला एका तोंडाशी कातडे, त्याच्या मधोमध ओवलेली तार, आणि ती ओढून धरून छेडायची. तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. हा 'टुंऽव टुंऽव' घुमटाच्या बराच जवळ जातो. फरक असा की चौंडक्याचा सूर तारेवरून निघतो, त्याला टोक असते. आपल्या आवाजाला टोक नाही, गोलाई आहे.

तिसरी कसोटी शाईची. तबल्याच्या आणि मृदंगाच्या कातड्यावर मधोमध काळी शाई असते. नुसत्या कातड्याचे उपनाद एकमेकांशी सुरेल जमत नाहीत; शाईच्या वजनामुळे ते जमतात, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले होते. म्हणून तबल्यावर षड्ज मिळवता येतो. डग्ग्यावर मनगट सरकवले की 'घे'चा सूर वर चढतो खरा, पण तो गाणाऱ्याशी नाते सांगतो. आपल्या बेडकाच्या पावलाला असा ठरलेला सूर नाही. तेव्हा हे शाई नसलेले कातडे.

चौथी कसोटी पोकळीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक घोगरा सूर निघतो. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी दबते-फुगते, त्याचा हा परिणाम. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याचे गणित मांडले. भांड्याचे तोंड लहान केले की सूर खाली जातो, मोठे केले की वर येतो. आता एखाद्या मडक्याला दोन तोंडे आहेत. एकावर कातडे आहे आणि दुसरे उघडे आहे असे धरा. कातड्यावर उजव्या हाताने थाप मारायची आणि त्याच क्षणी उघड्या तोंडावरचा डावा तळवा अलगद उचलायचा. सूर खालून वर सरकतो. हाच तो 'घुंऽव'.

दोन संशयित मात्र अजून उरतात. एक नायजेरियातल्या इग्बो लोकांचे 'उडू'. तेही मातीचे मडकेच, कुशीला एक भोक पाडलेले. फ्रँक जॉर्जिनी या अमेरिकन कुंभारशिल्पीने १९७० च्या दशकात ते बनवण्याची कला एका नायजेरियन कारागिराकडून शिकून घेतली, आणि त्यानंतर हे वाद्य जगभरच्या स्टुडिओंत पोहोचले. पण उडूला कातडे नसते. त्यात 'घुंऽव' मिळतो, 'टप्' तशी मिळत नाही. दुसरा संशयित कर्नाटक संगीतातला कंजिरा. तो डफासारखा, हातात मावणारा, घोरपडीच्या कातड्याचा. कातडे ओले करून बोटांनी दाबले की त्याचा सूर झोके घेतो. पण त्याच्या कडेला छोट्या झांजा असतात, आणि त्याला पोट नसते.

म्हणजे 'टप्' कातड्याची आणि 'घुंऽव' मडक्याचा. असा आवाज देणारे वाद्य एकाच कुळातले असू शकते. स्टुडिओतल्या माणसाने ते कोणत्या देशातून आणले हा भाग वेगळा. कूळ मात्र आजीने अचूक सांगितले.

घुमटाचा मुलूख

घुमट पाहिले नाही अशा वाचकांसाठी चार शब्द. कुंभाराने चाकावर घडवून भाजलेला हा घट दोन्ही टोकांना उघडा असतो. रुंद तोंडाच्या काठाला कातडे ओले असताना ताणून दोरीने करकचून आवळतात आणि उन्हात सुकवतात. दुसरे तोंड अरुंद, ते मोकळे. गळ्यात दोरी अडकवून किंवा मांडीवर घेऊन वाजवतात. उजवा हात बोल काढतो आणि डावा हात त्या बोलांना श्वास देतो. नवशिका वादक उजव्या हाताकडे पाहतो आणि जाणता डाव्या.

गोव्यात गणेशचतुर्थीला घुमट आरती असते. समेळ आणि कासाळे यांची जोड मिळाली की देवघर दुमदुमते. या तिन्ही वाद्यांच्या सुवारीवादनाला तिथे स्वतंत्र मान आहे. शिगम्याला घुमट लागते. आणि ख्रिस्ती गोंयकारांच्या मांडोला व्हायोलिनबरोबर घुमटच लागते. देव बदलले, पोशाख बदलला, पण मडके तेच राहिले. एकाच वाद्याने देवळाच्या मंडपात आणि ख्रिस्ती घरच्या लग्नात सारख्याच हक्काने बसावे, असे उदाहरण शोधून सापडायचे नाही.

पण घुमट गोव्यापुरते नाही, आणि इथे हे वाद्य इतिहासाचा साक्षीदार होते. जोयड्याचे कुणबी कोकणी बोलतात, आपले वाडवडील पोर्तुगीज अमदानीत गोव्याहून घाट चढून आले असे सांगतात, आणि त्यांच्या सणासुदीला घुमट वाजते. खाली अंकोल्याकडे हालक्की वक्कल समाज कानडी बोलतो. त्यांच्या 'गुमटे पांग' या गायनाला हेच वाद्य साथ करते. २०१७ मध्ये पद्मश्री मिळालेल्या सुक्री बोम्मगौडा याच समाजाच्या. आणखी दक्षिणेला उडुपी जिल्ह्यात कुडुबी समाज आहे. तेही घरी कोकणी बोलतात, तेही मूळ गोव्याचे म्हणवतात आणि होळीला 'गुमटे' घेऊन घरोघर नाचत जातात. तिकडे आंध्रात बुर्रकथा सांगणाऱ्याच्या साथीदाराजवळ 'गुम्मेटा' असतो, तोही मातीचा. कागदपत्र नसलेल्या माणसांच्या वाटा शोधायच्या झाल्या तर असे एखादे मडके ताम्रपटाचे काम करते. ते फुटले तर नवे घडवता येते, त्यामुळे माणसांनी इतर सामान मागे टाकले असेल, पण घुमट घडवण्याची रीत बरोबर नेली.

या मुलखावर सरहद्दी अनेकदा आखल्या गेल्या. उत्तर कानडा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. पलीकडचा गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि ३० मे १९८७ रोजी स्वतंत्र घटक राज्य बनला. सुपे गाव काळीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. एवढी उलथापालथ झाली, तरी घुमटाचा आवाज डोंगराच्या दोन्ही उतारांवर एकच राहिला. फरक पडला तो कागदावर. गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. जोयड्याचे कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. त्या घोषणेची हद्द जिथे संपते, त्याच्या पलीकडेही तेच मडके वाजते आहे.

घोरपडीचे कातडे

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. घुमटाला पिढ्यान् पिढ्या घोरपडीचे कातडे चढवीत आले. ते पातळ असूनही चिवट असते, त्यामुळे बोटाचा हलका आघातही स्पष्ट उठतो. जुने वादक त्याची स्तुती करताना थकत नाहीत. परंतु घोरपड हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे वाघाच्या बरोबरीने संरक्षण लाभलेला प्राणी आहे. ती मारणे, तिचे कातडे विकणे वा विकत घेणे या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दंड किमान २५,००० रुपये. जोयडा तालुक्यात तर हा कायदा दूरचा नाही. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प २००७ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. रान हेच ज्याचे अंगण, त्याच्या खुंटीवरचे घुमट संशयाने पाहिले जाते.

यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, परंपरेला सूट द्या. दुसरा म्हणतो, गुन्ह्यावर उभे असलेले वाद्य गेलेलेच बरे. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. घुमट म्हणजे घोरपडीचे कातडे, हे दोघांनी गृहीत धरले आहे.

आपल्या कानाच्या कसोट्या इथे उपयोगी पडतात. आजीने आवाज ओळखला तो कशावरून? चौथ्या कसोटीवरून, म्हणजे मडक्याच्या पोकळीवरून आणि डाव्या तळव्यावरून. कातड्याने तिला एवढेच सांगितले की हे उडू नव्हे. कातडे बकऱ्याचे असते तरी तिने घुमटच म्हटले असते. बकऱ्याचे कातडे लावलेली घुमटे आज गोव्यात सर्रास वाजतात. आवाज थोडा जाड होतो आणि ओल्या हवेत ते लवकर सैल पडते, ही तक्रार खरी आहे. पण डावा हात ज्याचा तयार आहे त्याचा 'घुंऽव' तसाच उठतो. नावाचीही साक्ष काढता येईल. मराठीत घुमट म्हणजे घुमटाकार छत, जसे विजापूरचे गोल घुमट, जिथे हळूच बोललेला शब्दही फिरून फिरून परत येतो. घुमणे या क्रियापदाशीही त्याचा नाद जुळतो. आकाराने पाहा किंवा नादाने पाहा, नावात पोकळी आहे. घोरपड नाही.

इतर वाद्यांचा इतिहासही हेच सांगतो. मृदंग म्हणजे मृत् अंग, मातीचे शरीर. माती जाऊन लाकडाचे खोड आले, त्याला शतके लोटली; नाव राहिले, वाद्य राहिले, विद्या वाढली. उलट उदाहरणही आहे. लॅटिन अमेरिकेत गाढवाचा वाळलेला जबडा वाद्य म्हणून वापरतात. त्यावर मूठ मारली की सैल झालेले दात खुळखुळतात. अमेरिकेतल्या मार्टिन कोहेन यांनी न मोडणारा जबडा हवा म्हणून लाकडाची पेटी, वाकवलेली सळई आणि लाकडी गोळा जोडून 'व्हायब्रास्लॅप' तयार केला. कार्टूनमधला आणि सिनेमातला तो 'खर्रर्र' आवाज याचाच. गाढव वाचले, जबडा मोडायची भीती गेली, आवाज जगभर गेला. पण ज्या गुलामांच्या वंशजांनी तो जबडा वाजवून नाच उभे केले, त्यांचा त्या नव्या नावात मागमूस उरला नाही.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे धोका नेमका कुठे आहे ते कळते. कातडे बदलल्याने वाद्य मरत नाही. ज्यांनी ते जपले त्यांच्या हातातून आणि तोंडातून त्याचे नाव सुटले म्हणजे ते मरते. मृदंग बदलला तो मृदंग वाजवणाऱ्यांच्या हातून, त्यांच्या गुरुपरंपरेत. जबडा बदलला तो कारखान्यात. घुमटाचे कातडे बदलायचेच आहे, कायद्याने आणि घोरपडीच्याही हिताने ते बदललेच पाहिजे. पण तो बदल जोयड्याच्या, काणकोणच्या, अंकोल्याच्या वादकांच्या ओसरीवर व्हावा. कोणते कातडे किती भिजवावे, काठ किती जाड ठेवावा, पावसाळ्यात सैल पडले तर किती शेकावे, हे तेच सांगू शकतील. कुंभाराला सोबत घेतल्यावाचून हे होणारे नाही. प्लास्टिकच्या घागरींनी मातीच्या घागरीचे गिऱ्हाईक पळवले. घुमट ही कुंभाराच्या चाकावर उरलेल्या थोड्या मानाच्या वस्तूंपैकी एक आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वाद्ये काचेच्या कपाटात नीट मांडलेली असतात. तिथे आकार दिसतो, चिठ्ठीवर नाव असते, आवाज मात्र नसतो. कार्टूनमध्ये उलटे, आवाज आहे, ना आकार ना नाव. दोन्ही गोष्टी एकत्र असण्याची जागा एकच, आणि ती म्हणजे वाजवणारा माणूस. म्हणून त्याच्याकडे जायला हवे. आज मोबाईलवर आवाज मुद्रित करणे पोरांच्या हातचा मळ झाला आहे. शिगम्याला घुमट वाजले की ते मुद्रित करावे. पण त्याबरोबर वादकाचे नाव, गावाचे नाव, कुंभाराचे नाव, कातडे कशाचे, बोल कोणता, तो कोणाकडून शिकला, हेही त्याच्या संमतीने टिपून ठेवावे. आपल्या तालुक्यांतल्या वाचनालयांनी अशी एकेक वही घातली तरी पुष्कळ. चित्रपटांच्या वादकांचे झाले ते आपल्या वादकांचे होऊ नये.

नातीचे म्हणणेही खोटे नव्हते. तिच्यापर्यंत हा आवाज पहिल्यांदा कार्टूनमधूनच पोहोचला, यात तिचा काय दोष? दोष असेल तर आपला, की तिच्या कानावर तो अंगणातून आधी पडला नाही. ते अजून करता येण्यासारखे आहे. घरात घुमट असेल तर ते खुंटीवरून काढावे, कातडे बदलायचे असेल तर बदलून घ्यावे आणि तिच्या मांडीवर द्यावे. उजवा हात ती आपला आपणच शिकेल. डाव्या हातासाठी आजी लागेल.